जंगलावर सही कुणाची?

27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावी आले आणि त्यांनी ग्रामसभेच्या हाती वाहतूक परवान्यांचं एक पुस्तक दिलं. जंगलातला माल बाहेर न्यायचा तर हा परवाना लागतो, आणि तो फाडून देण्याचा अधिकार तोवर वनखात्याचा होता. आता पाचशेच्या आसपास वस्तीचं एक गोंड गाव आपल्या जंगलातल्या बांबूवर स्वतः सही करणार होतं. गडचिरोलीचं स्वातंत्र्योत्तर राजकारण समजून घ्यायचं तर आमदार-खासदारांच्या यादीआधी हे पुस्तक पाहावं, असं माझं मत आहे. इथे सत्ता म्हणजे जंगल, आणि जंगलावर सही कुणाची हाच इथला खरा राजकीय प्रश्न आहे.

1947 मध्ये हा मुलूख मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यात होता. 1950 मध्ये तो मध्य प्रदेशात, 1956 मध्ये मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. तेरा वर्षांत राज्य तीनदा बदललं, कचेरी मात्र चांद्यालाच राहिली. सिरोंच्याच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं तर सुमारे दोनशे किलोमीटरची वाट, तीही पावसाळ्यात बंद. स्वतंत्र गडचिरोली जिल्हा व्हायला 26 ऑगस्ट 1982 उजाडावं लागलं. 14,412 चौरस किलोमीटर म्हणजे गोव्याच्या जवळजवळ चौपट क्षेत्र, दोन तृतीयांशाहून जास्त जंगल, आणि 2011 च्या जनगणनेनुसार पावणेअकरा लाखांच्या आत लोकसंख्या. गोंड, माडिया, परधान, हलबा, कुणबी, माळी, तेली, दलित, शिवाय मुलचेरा-चामोर्शीकडे वसवलेले पूर्व बंगालचे निर्वासित. सिरोंच्याला तेलुगू, कोरचीला छत्तीसगडी आणि भामरागडला माडिया ऐकू येते.

राज्यांची नावं बदलली त्याचं गावाला फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते जमीनदारी गेल्याचं. अहेरीची जमीनदारी मोठी होती, बाकी छोट्या पुष्कळ होत्या. जमीनदार सारा घेई, वेठ घेई, पण सरपण, घराची लाकडं, बांबू, मोहफुलं, गुरांची चराई हे गावाचे निस्ताराचे हक्क रूढीनं चालत आले होते. मध्य प्रदेशचा मालकी हक्क रद्द करणारा कायदा 1950 चा, अंमल 1951 पासून. जमीनदार गेला, आणि त्याच्या ताब्यातलं जंगल गावाकडे न येता सरकारकडे गेलं. पुढे ते संरक्षित झालं, काही राखीव झालं. निस्तार कागदावर उरला, प्रत्यक्षात मेहरबानी झाला. आदिवासी माणसाला रोज भेटणारं सरकार म्हणजे कलेक्टर नव्हे, तर वनखात्याचा बीट गार्ड. बैलगाडीभर लाकूड आणायचं तर त्याच्या मर्जीनं, आणि मर्जीची किंमत कोंबडी, धान, फुकटची मजुरी. त्याच जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला दीर्घ मुदतीच्या करारानं आणि सवलतीच्या दरानं जात होता. कुंपणाला चार बांबू तोडणारा गुन्हेगार आणि ट्रकच्या ट्रक नेणारा उद्योजक! या भागातला सगळा पुढचा संताप या एका विसंगतीतून निघाला आहे.

मतदानाचा हक्क मिळाला, राखीव जागा मिळाल्या, पण निष्ठा जुन्याच राहिल्या. 1962 च्या लोकसभेला चांद्यातून लाल श्याम शाह अपक्ष निवडून आले. ते पानाबरसचे जमीनदार, लोकांचे ‘महाराज’. आदिवासींच्या प्रश्नांवर दिल्लीत ऐकलं जात नाही म्हणून त्यांनी मुदत संपण्याआधीच राजीनामा दिला. खासदारकी सोडणारा आदिवासी नेता हे त्या काळातही विरळाच होतं. 1977 मध्ये अहेरीचे राजे विश्वेश्वरराव लोकसभेवर गेले. त्यांनी स्थापन केलेली नागविदर्भ आंदोलन समिती वेगळ्या विदर्भाची मागणी घेऊन उभी राहिली. अहेरीच्या आत्राम घराण्याचा दरारा अजूनही आहे. 2024 च्या विधानसभेला अहेरीत धर्मरावबाबा आत्राम, त्यांची मुलगी भाग्यश्री आणि पुतणे अम्ब्रीशराव असे तिघे एकमेकांविरुद्ध उभे होते. धर्मरावबाबा जिंकले. तीन उमेदवार, पण राजवाडा एकच. मतदाराला निवड मिळाली ती एवढीच.

खालून हालचाल सुरू झाली ती धरणांमुळे. इंद्रावती आणि गोदावरीवर भोपालपट्टनम आणि इचमपल्ली ही दोन मोठी धरणं बांधायचं ठरलं होतं. गडचिरोली आणि बस्तरमधली गावं आणि हजारो हेक्टर जंगल पाण्याखाली जाणार होतं. 1984 मध्ये लाल श्याम शाह आणि बाबा आमटे यांच्या पुढाकारानं ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं आणि सरकारला प्रकल्प गुंडाळून ठेवावे लागले. या आंदोलनात मेंढ्याची माणसंही होती, तरुण देवाजी तोफा त्यांत होते. धरण थांबलं, पण आपल्या गावाबद्दलचा निर्णय आपल्याला विचारल्याशिवाय झालाच कसा, हा प्रश्न ती माणसं घरी घेऊन आली. चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावासोबत बसून तो प्रश्न लावून धरला. 2025 च्या जानेवारीत ते गेले. बाहेरच्या माणसानं गावात राहून गावाच्या वतीनं न बोलणं किती अवघड असतं, आणि ते कसं जमवावं, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं होतं.

त्याच दशकात दुसरी एक सत्ता जंगलात उतरली होती. 1980 मध्ये आंध्रात पीपल्स वॉर हा नक्षलवादी गट स्थापन झाला, आणि त्याच वर्षी त्याची दलमं, म्हणजे सशस्त्र तुकड्या, प्राणहिता-गोदावरी ओलांडून सिरोंचा-अहेरीत आली. त्यांनी पहिल्यांदा हात घातला तो तेंदूपानांच्या आणि बांबूच्या मजुरीला. ठेकेदारांकडून दर वाढवून घेतले, गार्डाची वसुली बंद पाडली. लोक त्यांच्याकडे का वळले, याचं उत्तर त्या मजुरीत आहे. ते नाकारून गडचिरोलीचा इतिहास लिहिता येत नाही. पण दलमानंही निर्णय गावाला दिला नाही. खबऱ्या ठरवून माणसं मारली, शाळेच्या इमारती आणि रस्ते उडवले, पंचायतीच्या निवडणुकांवर बहिष्कार लादला, सरपंचांना राजीनामे द्यायला लावले. 1991 मध्ये त्यांनी आमदार धर्मरावबाबांनाच पळवून नेलं. दुसरीकडे पोलिसांची धरपकड आणि टाडाचे खटले. 2009 या एकाच वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरीच्या हल्ल्यांत जवळजवळ पन्नास पोलीस गेले. त्यांतले पुष्कळ याच जिल्ह्यातले, आदिवासी घरांतले. 2018 मध्ये कसनासूरला आणि 2021 मध्ये मर्दिनटोल्याला नक्षलवादी मोठ्या संख्येनं मारले गेले, त्यांतही याच गावांची पोरं होती. दोन्हीकडच्या बंदुकांच्या मागे गोंडी-माडिया बोलणारी तरुण माणसं उभी राहिली, ही गडचिरोलीची सगळ्यात मोठी हानी आहे.

मेंढ्यानं तिसरी वाट काढली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा ऐकायला बंडखोर वाटते, पण ती बंदुकीची नाही, बैठकीची आहे. ग्रामसभेत बहुमतानं निर्णय होत नाही, सर्वांच्या सहमतीनं होतो. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो. बाहेरच्या माणसाला हे वेळखाऊ वाटतं. पण शंभरेक घरांच्या गावात एकावन्न विरुद्ध एकोणपन्नास असा निकाल लागला तर एकोणपन्नास लोक उद्या जंगलात आग लागली असता विझवायला येतील का, असा साधा व्यवहार यामागे आहे. निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेशिवाय वेगळा अभ्यासगट असतो. तिथे निर्णय नसतो, फक्त माहिती आणि चर्चा. कायद्याचं कलम वाचायचं, वकील, अधिकारी, अभ्यासक कुणालाही बोलवायचं, उलटसुलट बोलायचं, आणि मग ग्रामसभेला सावकाश ठरवू द्यायचं. माझ्या पाहण्यात गावपातळीवरच्या लोकशाहीत एवढी शहाणी रचना दुसरी नाही.

सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. गावानं जुन्या पद्धतीचं गोटुल, म्हणजे गावानं एकत्र जमायचं घर, बांधायचं ठरवलं, त्यासाठी जंगलातली लाकडं आणली. वनखात्यानं ते बेकायदा ठरवून पाडलं. गावानं ते पुन्हा बांधलं, आणि आसपासच्या गावांनीही आपापली गोटुलं उभारायचं ठरवलं. इमारत लाकडाची होती, वाद मालकीचा होता. मग गावानं नियम केले: फळं-मध काढण्यासाठी झाड तोडायचं नाही, गरजेपेक्षा जास्त लाकूड आणायचं नाही, बाहेरच्याला परवानगीशिवाय जंगलात येऊ द्यायचं नाही. जंगल राखायला आळीपाळीनं गस्त सुरू झाली. कागद कारखान्याच्या बांबूतोडीलाही गावानं हरकत घेतली.

दारूचा विषय बायकांनी धसास लावला. मोहाची दारू देवाच्या कार्याला लागते, ती घरात गाळली जाते; पण रोजच्या पिण्यानं घरं मोडत होती. मेंढ्यात स्त्रियांनी तो ग्रामसभेत मांडला. जिल्हाभर दारूमुक्तीची चळवळ झाली, तिच्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचं मोठं काम होतं, आणि 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. ती आजही आहे. शेजारच्या चंद्रपुरात 2015 मध्ये बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. स्त्रियांच्या आरोग्याबद्दल तर जगानं गडचिरोलीकडून शिकलं. 1989 मध्ये राणी बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी करून 92 टक्क्यांना स्त्रीरोग असल्याचं ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं. 1999 मध्ये त्याच नियतकालिकात गावातल्या प्रशिक्षित आरोग्यदूत बायकांनी नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी केल्याचा अभ्यास आला. देशातल्या आशा कार्यकर्त्या घरोघरी बाळ तपासतात, ती पद्धत इथून गेली. तरीही माडिया भागात पाळीच्या दिवसांत स्त्रीला गावाच्या कडेला कुर्माघरात राहावं लागतं. काही गावांत आता पक्की, दिवा-पाण्याची सोय असलेली कुर्माघरं बांधली जात आहेत. हा सुधारणेचा टप्पा आहे की प्रथेला सिमेंट लावणं, यावर त्या भागातल्या शिकलेल्या मुलींमध्येच मतभेद आहेत. माझा कौल त्या प्रथेच्या बाजूनं नाही, पण ते ठरवायचा मान त्या मुलींचा आहे.

कायदे नंतर आले. 1996 चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार देतो, पण महाराष्ट्राचे नियम यायला 2014 उजाडलं. 2006 च्या वनहक्क कायद्यानं सामूहिक वनहक्क मान्य केले. 2009 मध्ये मेंढा आणि शेजारच्या मारदा या गावांना ते मिळाले, देशातल्या अगदी पहिल्या गावांमध्ये. मेंढ्याचं जंगल सुमारे 1,800 हेक्टर. हक्क मिळाला, बांबू विकायला निघाले, तर खातं म्हणालं की परवाना देता येत नाही, कारण 1927 च्या वन कायद्यात बांबू तेव्हा झाडांत धरलेला होता. वनहक्क कायदा मात्र त्याला गौण वनोपज म्हणतो. दीड-दोन वर्षं गाव या एका मुद्द्यावर अडून बसलं आणि मग ते पुस्तक हाती आलं. पहिल्या मोठ्या हंगामात बांबूविक्री कोटीच्या घरात गेली. पुढे 2013 मध्ये गावानं ग्रामदानाचा निर्णय घेतला, म्हणजे स्वतःची शेतजमीनही ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं.

एकटं मेंढाच आदर्श म्हणून दाखवत राहिलं तर बाकीच्यांवर अन्याय होतो. आज जिल्ह्यात 1,300 हून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत आणि त्यांखाली चार लाख हेक्टरांहून जास्त जंगल आहे. महाराष्ट्रातच नव्हे, देशात असा दुसरा जिल्हा सापडणं कठीण. याचा अर्थ बघायचा असेल तर मे महिन्यात तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, जावं. पहाटे चारला अख्खं घर जंगलात जातं, ऊन चढायच्या आत पानं घेऊन परततं. दुपारभर ओसरीत बसून पुडकी बांधायची: 70 पानांचं एक पुडकं, देठ एका बाजूला, फाटकं पान बाजूला. संध्याकाळी ती फळीवर रांगेत मांडायची, मोजणारा शंभराच्या हिशोबानं वहीत लिहितो. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी. या दोन-तीन आठवड्यांच्या पैशात मुलांच्या शाळेच्या वह्या, धानाचं बियाणं, लग्नाचं देणं निघतं. 1969 च्या कायद्यानं हा व्यापार सरकारच्या हातात होता: खातं लिलाव करी, ठेकेदार माल नेई, गावाला मजुरी आणि पुढे कधीतरी बोनस. आता अनेक ग्रामसभा स्वतः निविदा काढतात, ठेकेदाराशी करार करतात, मजुरीखेरीज रॉयल्टी घेतात. तिच्यातला वाटा घराघरांत जातो, काही ग्रामकोशात राहतो. मोजणारा पोरगा गावातला, वही गावाची.

सगळंच चांगलं झालेलं नाही. 2017 ला तेंदूचे भाव भलतेच चढले. त्याच जुलैत जीएसटी आला, पानांवर 18 टक्के कर बसला, आणि पुढच्या हंगामात भाव कोसळले. काही ठेकेदारांनी करार करून पैसे बुडवले. आता वसुलीला ग्रामसभेनं कोर्टात जायचं, तर वकिलाची फी कुठून आणायची? हिशोब ठेवणारा शिकलेला मुलगा गावात नसेल तर वही पुन्हा दोन-चार माणसांच्या घरी जाते. म्हणून कोरची तालुक्यात नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा केली. एकेकट्या गावाला ठेकेदार गुंडाळतो, एवढ्या गावांना एकत्र गुंडाळणं जड जातं. या महाग्रामसभेत स्त्री-पुरुष दोघांचे प्रतिनिधी बसतात.

जिल्ह्यातल्या बिगर-आदिवासींचा सल वेगळा आहे. इथे अनुसूचित क्षेत्रातल्या नोकऱ्यांच्या नियमांमुळे ओबीसींचं आरक्षण वर्ग तीन-चारच्या पदांत सहा टक्क्यांपर्यंत उतरलं होतं, 2021 मध्ये ते सतरा टक्के झालं. तिन्ही विधानसभा आणि लोकसभेची जागा आदिवासींसाठी राखीव. बिगर-आदिवासी गावं पेसातून वगळा म्हणून मोर्चे निघाले. कुणबी-माळी पोरगाही तेवढाच बेकार आहे, हे मान्य केल्याशिवाय आदिवासींच्या हक्कांची बाजू मांडणं अप्रामाणिक होईल.

शिक्षणात तर दुःखाची गोष्ट घडली. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा काढली. मातृभाषेत शिकवा असं धोरण सांगतं. 2022 मध्ये जिल्हा परिषदेनं ती शाळा बेकायदा ठरवली, आणि गावाला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

बंदुका थांबल्यावर गावाला काय मिळतं, हे समजण्यासाठी इथे थोडं दूर जाऊन पाहावंसं वाटतं. मध्य आशियातला ताजिकिस्तान नव्वद टक्क्यांहून जास्त डोंगराळ. सोव्हिएत संघ फुटत असताना, 9 सप्टेंबर 1991 रोजी, तो स्वतंत्र झाला आणि वर्षाच्या आत यादवी पेटली. कुलाब, खुजंद, घर्म, पामीर अशा प्रदेशांच्या निष्ठा एकमेकांवर तुटून पडल्या. जून 1997 मध्ये मॉस्कोत करार झाला, विरोधकांना सरकारी पदांत 30 टक्के वाटा द्यायचं ठरलं. बंदुका शांत झाल्या. पण वाटा हळूहळू आटत गेला: 2015 मध्ये मुख्य विरोधी पक्षावर बंदी आली, 2016 च्या सार्वमतानं इमोमली रहमोन यांच्यासाठी राष्ट्राध्यक्षपदाची मुदतमर्यादा उठली. ते 1992 पासून सत्तेत आहेत. गावातले तरुण रशियात मजुरीला जातात आणि देशाचा संसार त्यांच्या पैशावर चालतो. आपल्याकडची पोरं मिरची तोडायला तेलंगणात जातात. ताजिकिस्तानात शांतता आली, पण गावाच्या हाती काय आलं, हा प्रश्न उरला.

गडचिरोलीत तो प्रश्न आता दारात आहे. 1 जानेवारी 2025 ला अहेरी–गर्देवाडा एसटी पहिल्यांदा धावली, स्वातंत्र्यानंतर 77 वर्षांनी. ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षलवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यानं साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांपुढे शस्त्रं खाली ठेवली. हे स्वागतार्ह आहे, मनापासून. गोळीनं मरणारी पोरं कमी होणार आहेत. पण इथे कोणताही राजकीय करार झालेला नाही. गावाला जे मिळायचं ते आधीच केलेल्या कायद्यांतूनच मिळणार, आणि ते मिळतं की नाही याची खरी कसोटी एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या पहाडावर लागते आहे.

हा पहाड माडियांच्या ठाकूरदेवाचा. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते, सत्तरेक गावांचा पारंपरिक इलाका एकत्र येतो. 2007 मध्ये लॉईड्स मेटल्सला 348 हेक्टरांचा लोहखनिजाचा पट्टा मिळाला. 2016 मध्ये खाण सुरू झाली, त्याच डिसेंबरात नक्षलवाद्यांनी तिथले ऐंशीच्या आसपास ट्रक जाळले. 2021 नंतर काम जोरात चाललं आहे. 2023 मध्ये उत्पादनाची मर्यादा वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांवर गेली, चामोर्शी तालुक्यात कोनसरीला कारखाना उभा राहिला. नोकऱ्या मिळाल्या हे खरं, एटापल्ली-आलापल्ली रस्त्यावर ट्रकांखाली माणसं गेली हेही खरं. नव्या पट्ट्यांना विरोध म्हणून 2023 मध्ये तोडगट्ट्याला गावं महिनोन् महिने धरणं धरून बसली, नोव्हेंबरात पोलिसांनी ते उठवलं.

कायदा इथे गावाचा हात सोडतो. जमिनीवरचा बांबू, तेंदू, मोह ग्रामसभेचा. वाळू-मुरुमासारख्या गौण खनिजांना पेसानुसार तिची शिफारस लागते. लोखंड मोठं खनिज, ते गौणात येत नाही. वनजमीन खाणीला द्यायची तर ग्रामसभेची संमती हवी, असं पर्यावरण मंत्रालयाचं 2009 चं परिपत्रक होतं. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ओडिशातल्या नियमगिरीचा फैसला ग्रामसभांवर सोपवला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. 2022 च्या वनसंवर्धन नियमांनी वनहक्कांचं पालन बघण्याचं काम केंद्राच्या मंजुरीनंतरच्या टप्प्यात राज्याकडे ढकललं. मंजुरी आधी आणि विचारणा नंतर, तर ती विचारणा कसली?

म्हणून या जिल्ह्यातला खाणीचा कुठलाही प्रस्ताव समोर आला की टनांचे आणि नोकऱ्यांचे आकडे मी मागाहून वाचतो. ग्रामसभा कधी बसली, ती कुणी बोलावली, किती बायका होत्या, कागद माडियात वाचून दाखवला का, आणि गावानं विषय पुढच्या बैठकीवर ढकलला तेव्हा कुणी थांबलं का, हे आधी पाहतो.